नोकरदार तरुणाचे दिवस

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात माजी विद्यार्थ्यांच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावर सहसा डॉक्टर, इंजिनिअर किंवा परदेशात नाव काढलेले माजी विद्यार्थी बोलावले जातात. यंदा चिटणीस साहेबांचा निरोप आला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "सर, मी एक साधा हिशेबनीस. मी काय सांगणार?" ते म्हणाले, "बाबा रे, आपल्या शाळेतून डॉक्टर होतात ते वर्षाला दोन-चार. बाकीची मुले तुझ्यासारखीच कुठे तरी खुर्चीवर बसणार आहेत. ती खुर्ची कशी असते तेवढे सांग." म्हणून मी आलो आहे. उपदेश करण्याचे माझे वय नाही आणि अधिकारही नाही. माझा दिवस कसा जातो, सण कसे जातात, पगार कुठे जातो आणि या सगळ्यातून माझी काय मते झाली, एवढेच सांगतो. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे. तिच्यासाठीच खरे तर मी इथे उभा आहे.

माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. अब्बांनी बावीस वर्षे कुवेतला गाडी चालवली. आमच्या खेड तालुक्यातल्या गावात घरोघरी हीच कथा आहे. पुरुष माणूस म्हणजे पत्रातून, फोनवरून आणि दोन वर्षांनी एकदा येणाऱ्या बॅगांतून ओळखायचा. टेबलाशी बसून पगार घेणारा मी आमच्या घराण्यातला पहिला. बी. कॉम. झालो, हिशेबाचा संगणक अभ्यासक्रम केला आणि २०२१ साली मुंबईत फोर्टमधल्या एका खाजगी कचेरीत लागलो. त्या अभ्यासक्रमाची फी भरायला अम्मीच्या दोन बांगड्या गहाण पडल्या होत्या. बांगड्यांची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

मी मुंब्र्याला राहतो. एका खोलीत आम्ही चौघे, सगळे आपल्याच भागातले. स्वयंपाकाची पाळी ठरलेली आहे. पहाटे उठायचे, नमाज, मग ज्याची पाळी असेल त्याने डाळ-भात नाहीतर अंडी करायची. भाकरी थापणे मात्र चौघांनाही जमत नाही. कोकणात जन्मलेल्या चार तरुणांनी रोज सकाळी बेकरीचा पाव आणावा ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे. ज्या आयांनी आपल्या मुलग्यांना चुलीपाशी फिरकू दिले नाही, त्यांनी प्रेमापोटी मुलांचे नुकसानच केले असे आता वाटते.

मुंब्र्याहून फोर्ट सुमारे चाळीस किलोमीटर. सकाळच्या गाडीत चढणे ही आमची रोजची परीक्षा, आणि तिच्यात नापास होणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली आणि त्यांतली काही प्राणास मुकली. कामावर निघालेली, माझ्यासारखीच, पाठीला पिशवी आणि पिशवीत डबा असलेली माणसे. त्या दिवशी अम्मीचा फोन येत राहिला आणि गर्दीत मला तो कळलाच नाही. दहा वाजता मी परत फोन केला तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती रडली. तेव्हापासून आम्ही चौघांनी एक नियम केला आहे. दोन्ही पाय आत ठेवायला जागा नसेल तर गाडी सोडायची. उशिराचा शेरा पडला तर पडू द्या. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि त्याच्या साहेबांनीही हा नियम मान्य करावा.

कचेरीत माझे काम जमाखर्चाचे. बिले तपासायची, नोंदी करायच्या, बँकेच्या खात्याशी ताळा घालायचा. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण आणि २० तारखेपर्यंत वस्तू व सेवा कराचे विवरण जायलाच पाहिजे. त्या दोन तारखांच्या आदल्या दिवशी आमच्या खोलीत जेवायची वेळ रात्री अकराची असते. शाळेत आम्हाला गणित उत्तम शिकवले, त्याबद्दल मी सरांचा ऋणी आहे. पण रजेचा अर्ज कसा लिहावा, फोनवर आपले नाव सांगून कसे बोलावे, "मला हे समजले नाही, पुन्हा सांगता का?" हे वाक्य न लाजता कसे म्हणावे, हे कुणी शिकवले नाही. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या ज्या चुका झाल्या त्या हिशेब न आल्यामुळे फारशा झाल्या नाहीत. न विचारल्यामुळे झाल्या.

भाषेचेही सांगतो. मी सातवीपर्यंत उर्दूत शिकलो, मग मराठीत. कचेरीत पत्रे इंग्रजीत. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" मी "आभारी आहे" म्हणालो. पण मनात आले, की माझ्या आजीला मराठीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. ती आमची आमच्या गावची मराठी, पण मराठीच. त्या गृहस्थांचा दोष नाही. आपण त्यांना कधी भेटलोच नाही, म्हणून त्यांना नवल वाटले. विद्यार्थ्यांनो, उर्दूवर प्रेम करा, इंग्रजी कमवा आणि मराठी शुद्ध लिहायला शिका. तीन भाषा लिहिता येणारा कारकून कुठल्याही कचेरीत उपाशी राहत नाही.

आता जेवणाची गोष्ट. दुपारी एक वाजता आमच्या विभागातली सात माणसे एका टेबलाभोवती बसतात. दोघे शाकाहारी, एक जैन, एक बाई सोमवारच्या उपवासाच्या, आणि मी. पहिले दोन महिने मी डबा घेऊन जिन्यात बसत असे. माझ्या डब्याचा कुणाला वास येईल, कुणी नाक मुरडेल, अशी भीती. एके दिवशी आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाई जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "अरे, जिन्यात काय बसतोस? सूनबाई रुसून बसावी तसा! चल आत." आत गेलो. मग आपोआप एक रीत पडली. टेबलावर असताना मी भाजी-भाकरीच नेतो, मासळी रात्री खोलीवर. ही सक्ती मला कुणी केली नाही. उलट त्याच बाई एकदा म्हणाल्या, "तू कधी सुक्या बोंबलाची चटणी आणशील तर मला वेगळी बांधून दे, घरी नेईन." गणपतीत मला मोदकांचा वाटा न चुकता येतो आणि ईदनंतर माझ्याकडून शीरखुर्म्याचा डबा जातो. अम्मी गावाहून सांदणे पाठवते ती टेबलावर पाच मिनिटेही टिकत नाहीत. मोठमोठ्या सभांतून एकोप्यावर भाषणे होतात. मी त्यांना नावे ठेवत नाही. पण जिन्यातून टेबलापर्यंतची ती बारा पावले माझ्यापुरती त्या सगळ्या भाषणांहून मोठी आहेत. बोलावणे त्यांचे होते, पण उठायचे मलाच होते.

रमजानचे दिवस नोकरीत वेगळे असतात. आपले वर्ष चंद्राचे, साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला होता, २०२५ साली मार्चमध्ये. मार्चमध्ये मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि कचेरी सुटते सहाला. म्हणजे माझा रोजा उघडायचा तो बहुधा कुर्ल्याच्या आसपास, चालत्या गाडीत. खिशात तीन खजूर आणि पाण्याची बाटली. खजूर काढला की शेजारचा अनोळखी माणूस आपल्या पिशवीतून केळे काढून देतो, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. त्या गर्दीत हात हलवायला जागा नसते, पण केळे पुढे करायला ती कशी होते कोण जाणे.

सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र मी एक मूर्खपणा केला. २०२३ साली छापील यादीत बकरी ईदची सुट्टी २८ जूनला होती. चंद्रदर्शनाप्रमाणे ईद आली २९ तारखेला, गुरुवारी. सरकारने आपली सुट्टी बदलून २९ केली. आमच्या कचेरीने मात्र भिंतीवरच्या यादीप्रमाणे २८ लाच सुट्टी दिली. साहेबांकडे जाऊन "माझी ईद उद्या आहे, रजा हवी" एवढे म्हणायचे होते. मला धीर झाला नाही. गुरुवारी सकाळी मी फोन करून सांगितले, "ताप आला आहे." आणि दुपारी नवा कुर्ता घालून काढलेला फोटो मोबाईलवर सर्वांना दिसेल असा लावून मोकळा झालो! शुक्रवारी कचेरीत गेलो तर बाईंनी विचारले, "ताप उतरला का? कुर्ता छान होता." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. त्या पुढे जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "काल आषाढी एकादशी होती. मी सरळ अर्ज देऊन अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तुझी ईद माझ्या एकादशीहून लहान आहे का? मागून मिळाली नसती तर आम्ही भांडलो असतो तुझ्यासाठी. खोटं बोललास, आता कसं भांडू?"

मित्रहो, आपल्या सणासाठी खोटे बोलण्यात सणाचाही अपमान आहे. शिवाय त्याची गरजही नव्हती. दुकाने व आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा जो कायदा आहे, त्यात नोकराला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्या आठांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व नोकर यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. म्हणजे बोलायची वेळ डिसेंबरात असते आणि आपण ईदच्या आदल्या रात्री जागे होतो. पुढच्या डिसेंबरात मी साहेबांना अर्ज दिला. यादीत ईदसमोर "चंद्रदर्शनानुसार" हा शब्द आला. एका शब्दाचे काम होते.

समजुतीने तारखा कशा हलतात याचे मोठे उदाहरण त्याच वर्षी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईत मुस्लिम समाजाने आपला जुलूस एक दिवस पुढे, २९ ला ठेवला आणि सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली. २०२४ साली मुंबईत ती सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ ला गेली आणि २०२५ साली ५ वरून ८ ला. तीन वर्षे लागोपाठ हे घडले. विसर्जनाच्या दिवशी रस्ते मोकळे मिळाले आणि जुलूसही थाटात निघाले. कुणाचे काही कमी झाले नाही.

आता पगार. माझा पहिला पगार चौदा हजार रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के कापून उरले ते हातात. त्या दिवशी मी स्वतःला कुवेतचा शेख समजलो. तिसऱ्या महिन्यात हप्त्यावर मोबाईल घेतला, पगाराच्या दुपटीचा. दुकानदार म्हणाला, "महिन्याला किती कमी पडतात बघा!" महिन्याला कमी पडतात, पण महिने किती पडतात ते आपण मोजत नाही. मी, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस, स्वतःचा हिशेब करायला विसरलो. त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची कॉलेजची फी दोन महिने थकली. तिने मला कळवले नाही. मला ते कळले पुढच्या वर्षी, आणि तेही कसे ते आता सांगतो.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. याच शाळेची विद्यार्थिनी. वाणिज्य शाखेत माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. खेडमध्ये एका कर सल्लागाराच्या कचेरीत जागा निघाली. तिने अर्ज केला आणि तिला बोलावणे आले. मी तेव्हा चार दिवसांच्या रजेवर दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीने गावी आलो होतो. अब्बा म्हणाले, "भाईला विचार. तो नोकरीत आहे, त्याला समजतं." रात्री जेवणावर तिने विचारले. आणि मी, ज्याला जिन्यातून टेबलावर बोलावणाऱ्या बाई भेटल्या, ज्याला काम एका बाईंनी शिकवले, तो मी म्हणालो, "नको. घरात काय कमी आहे? लोक काय म्हणतील?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाई, तुझ्या फीसाठी अम्मीच्या बांगड्या गेल्या, तेव्हा लोक काय म्हणतील असं कुणी विचारलं नाही. माझी फी दोन महिने थकली, तेव्हा ऑफिसात नाव पुकारलं माझं. तेव्हाही लोक होतेच की. तुझ्या हातात नवा मोबाईल होता. मी काही म्हटलं का?"

घरात कुणी बोलेना. अम्मी उठून चुलीपाशी गेली. मी जेवण टाकून ओटीवर जाऊन बसलो. मला राग आला होता. खरे सांगायचे तर, ती खरे बोलली याचाच राग आला होता. फी थकल्याचे अब्बांनाही तेव्हाच कळले. मी रात्रभर विचार केला. कचेरीतल्या त्या बाईंना त्यांच्या भावाने असेच "नको" म्हटले असते तर? मी आजही जिन्यात बसून जेवत असतो.

सकाळी मी तिला म्हणालो, "चल, मी येतो सोबत." एस.टी.ने दोघे खेडला गेलो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे. कंडक्टरने तिकिटे दिली तेव्हा ती हसून म्हणाली, "बघ, सरकारसुद्धा म्हणतं, बाहेर पड!" कचेरी पाहिली. सल्लागार वयस्कर गृहस्थ, कामाला आणखी दोन मुली, सहा वाजता बंद. त्यांनी तिला एक ताळेबंद तपासायला दिला. चूक तिने दहा मिनिटांत काढली. मला ती दिसली नव्हती.

तिला आता दोन वर्षे झाली. गावात लोक काही म्हणाले का? म्हणाले. तीन-चार महिने म्हणाले. मग त्यांपैकीच एकजण आपले करविवरण भरायला तिच्याकडे आला. अम्मीच्या बांगड्या गेल्या ईदला सुटून घरी आल्या. त्या मी सोडवल्या नाहीत. तिने सोडवल्या. अम्मीने त्या हातात घातल्या, तेव्हा मी तिथे उभा होतो. ती ईद माझ्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची, आणि थोडी शरमेचीही.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले, की देशाच्या प्रशासकीय सेवेत मुसलमान तीन टक्के आहेत आणि पोलीस सेवेत चार टक्के. हे आकडे आपण सभांतून वाचतो, हळहळतो आणि घरी जातो. बाहेरचे अडथळे आहेतच, ते मी नाकारत नाही. भाड्याची खोली शोधताना मी ते अनुभवले आहेत. पण घरातून निघू पाहणाऱ्या मुलीला उंबऱ्यावर जो अडवतो, तो बाहेरचा नसतो. त्या रात्री आमच्या घरात तो मी होतो. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम निघाली, कोल्हापुरात १९०६ साली शाहू महाराजांनी मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. ज्यांनी हे केले त्यांनी दारे उघडून ठेवली. आपण निदान उंबऱ्यावरून बाजूला तरी व्हावे.

शेवटी तीन गोष्टी. पालकांनो, मुलगा आणि मुलगी यांच्या फीची तारीख एकाच कागदावर लिहून भिंतीला लावा. मुलाला भाकरी थापायला शिकवा, मुलीला बँकेत पाठवा. विद्यार्थ्यांनो, पहिल्या वर्षी काहीही हप्त्यावर घेऊ नका आणि आपल्या सणाची रजा ताठ मानेने मागा. आणि माझ्यासारख्या नोकरदार माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या पगारातला वर्षाचा एक दिवस संस्थेला द्या. एका दिवसाच्या पगारात फार काही होत नाही हे मला ठाऊक आहे. पण शंभर जणांचे शंभर दिवस जमले तर ऑफिसात पुकारली जाणारी कितीतरी नावे पुकारायची थांबतील. माझा यंदाचा एक दिवस मी आज सकाळी चिटणीस साहेबांकडे दिला आहे. त्याच्यासोबत दुसरे एक पाकीट आहे, माझ्या बहिणीचे. तिला आज रजा मिळाली नाही. आज २० तारीख आहे, विवरण भरायचा शेवटचा दिवस.